खारीक दोनदा घरी आली

एकदा एक शिष्या भर दुपारी आपल्या गुरूंच्या मागापाशी आली आणि हातातला पिंजरा खाली ठेवून म्हणाली, “तात्या, हे जनावर परत करायचं आहे.”

गुरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लगेच दाढी, कमंडलू आणि एखादा वटवृक्ष उभा राहतो. या गुरूंकडे त्यातले काहीच नव्हते. ते विणकर होते. नदीकाठच्या एका गावात विणकरांची आळी होती, आणि त्या आळीत जे तीन हातमाग अजून चालू होते त्यांपैकी एक त्यांचा. वय ऐंशीच्या घरात, कानाने थोडे कमी, बोलण्यात त्याहून कमी. शिष्या पस्तिशीची, एका सात वर्षांच्या मुलीची आई. चार वर्षे ती त्यांच्याकडे विणणे शिकत होती. या दोघांची नावे मी सांगत नाही, कारण या गोष्टीत ज्याचे नाव लक्षात ठेवायचे आहे तो जीव पिंजऱ्यात बसला होता.

ती एक गिनी पिग होती. ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उंदरापेक्षा बराच मोठा, सशापेक्षा लहान, शेपूट नाही, कान फुलाच्या पाकळीएवढे, आणि स्वभाव इतका भित्रा की स्वयंपाकघरात झाकण पडले तरी बाहेरच्या खोलीत कोपरा गाठणार. याला डुक्कर म्हणावेसे कुणाला आणि का वाटले, हे मला आजवर कळलेले नाही. ही तर रंगाने तपकिरी, वाळवलेल्या खारकेसारखी होती आणि म्हणून तिचे नाव खारीक.

घडले होते ते असे. शिष्येच्या मुलीने, जुईने, बसस्टँडजवळच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेच्या पेटीत गिनी पिगची पिल्ले पाहिली आणि घरी येऊन हट्ट धरला. शिष्या पिल्लू विकत आणायला निघाली, तेव्हा तात्या एवढेच म्हणाले होते, “आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे चौकशी कर. एखादा जीव घर शोधत असेल, तर त्याला घर दे.” गुरूचा शब्द मोडायचा कसा? तिने चौकशी केली. डॉक्टरांनी मालनबाईंचे नाव सांगितले.

मालनबाई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षे आया होत्या. आता एकट्या राहत. तीन वर्षांपूर्वी शेजारचे कुटुंब गाव सोडून गेले आणि जाताना हे एवढेसे पिल्लू त्यांच्या पडवीत ठेवून गेले, तेव्हापासून खारीक त्यांची. परंतु त्यांची दृष्टी हळूहळू जाऊ लागली होती. एके सकाळी चूल पेटवायला जाताना खारीक त्यांच्या पायाखाली येता येता वाचली. मालनबाई तिथेच भिंतीला धरून उभ्या राहिल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांकडे निरोप धाडला की हिला डोळस घर बघा.

शिष्या खारकेला आणायला गेली ती गुरुवारी संध्याकाळी. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली. मालनबाई म्हणाल्या, “आत ये, बस जरा.” ही उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “नको हो, रिक्षा खोळंबलीय.” टोपली उचलली, थँक्यू म्हटले आणि निघाली. आपण मेथीची जुडी घेतानाही याहून जास्त वेळ रेंगाळतो.

घरी आणल्यावर तिने जे केले ते विणकरच करू जाणे. बाजारातून सुताची नवी लड आली की ती तशीच मागावर चढवत नाहीत. आधी स्वच्छ धुतात, तिच्यातले तेल, मळ, दुसऱ्या हातांचा वास सगळे काढून टाकतात, मगच पुढचे काम. चार वर्षांत हे तिच्या हाडीमाशी भिनले होते. तिने खारकेला शाम्पूने न्हाऊ घातले, टॉवेलने कोरडे केले. टोपली आणि टोपलीतले कुबट वासाचे फडके घंटागाडीत टाकले. दुकानातून दुमजली पिंजरा, पांढरेशुभ्र अंथरूण, चिनी मातीची वाटी आणि पाकिटातले खाद्य आणले. दुकानदाराने सांगितले होते की पहिले आठ दिवस हात लावू नका, सेट होऊ द्या. म्हणून जुईला हात लावायची मनाई झाली. जुईने तिचे नाव बदलून डेझी ठेवले. सगळे कसे नवे आणि चकचकीत झाले.

आणि खारकेने खाणे सोडले.

शुक्रवारचा दिवस गेला. वाटी भरलेली, खारीक कोपऱ्यात पाठ करून बसलेली. शनिवारी सकाळी शिष्या तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपले. आजार काही नव्हता. सिरिंजने थोडे पातळ खाद्य पोटात घातले आणि म्हणाले, “या जनावराला उपास सोसत नाही. उद्यापर्यंत आपणहून खायला लागली नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही.” जुई शाळेत गेली नाही. पिंजऱ्याला कपाळ टेकून बसून राहिली, जेवलीही नाही.

म्हणून शिष्या आली होती. रागाने आली होती, आणि रागाच्या आत भीती होती. आपली मुलगी आयुष्यात पहिल्यांदा मरण पाहणार आणि ते आपण हाताने घरात आणलेले असणार, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला होता.

“तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून हे आणलं,” ती म्हणाली. “तीन वर्षांचं जनावर, दुसऱ्याच्या सवयी घेऊन आलेलं. दुकानातलं छोटं पिल्लू आणलं असतं तर कोरं मिळालं असतं. ज्याला मागचं काही आठवत नाही, असं. जुई रडून रडून अर्धी झालीय, तात्या. हिला परत करते आणि त्यातलं एक आणते.”

तात्यांनी माग थांबवला. पिंजऱ्याशी उकिडवे बसून बराच वेळ पाहिले. मग पायात वहाणा सरकवत म्हणाले, “चल. आधी दुकानात जाऊ.”

शिष्येला आश्चर्य वाटले, पण बरेही वाटले. म्हाताऱ्याला एकदाचे पटले तर.

दुकानदार पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा गृहस्थ होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर अशा गोष्टींत व्यापारी दिसला की वाचक त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू लागतात. काचेच्या पेटीत पाच पिल्ले एकमेकांना चिकटून बसली होती. त्याने एक पांढरे पिल्लू अलगद उचलून दाखवले. “ताई, हे बघा. कालच आलंय. एकदम फ्रेश माल.”

तात्या पुढे झाले. “ह्याची आई कुठं आहे?”

दुकानदार हसला. “आजोबा, आई कुठली? पार्सल येतं.”

“कुठून?”

“पुण्याहून एक जण पाठवतो. त्याला आणखी कुणीतरी पाठवतो. त्याच्या पलीकडचं काही विचारू नका, त्यालाही ठाऊक नसतं.”

“ह्याला काय आवडतं?”

“सगळी तेच खातात हो.”

“आणि घाबरलं की कुणापाशी जातं?”

दुकानदाराने पिल्लू परत पेटीत ठेवले आणि उगाचच काच पुसली. “मला असलं कधी कुणी विचारलं नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज आता गिऱ्हाइकाशी बोलतानाचा नव्हता.

तात्या शिष्येकडे वळले. “हे पिल्लू घ्यायचं तर खुशाल घे. मी अडवणार नाही. पण जिची आहे तिची तिला आधी परत देऊन ये. मीही येतो.”

शिष्येने दुकानदाराला सांगितले की ही खारीक दोन दिवस जेवलेली नाही, तिला परत करून तासाभरात येते, पांढरे ठेवून द्या. तो दारापर्यंत आला आणि दोघे वळणावर दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

मालनबाईंचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. वाटेत शिष्या मनातल्या मनात सबबी जुळवत होती. काय सांगावे? मुलीला मानवत नाही म्हणावे? घरमालक नको म्हणतो म्हणावे? पण दारात पोहोचल्यावर तात्यांनीच सांगून टाकले, “मालनबाई, तुमची खारीक परत आणली आहे. दोन दिवस जेवली नाही.”

शिष्येने मान खाली घातली. आता बोलणी खावी लागणार असे तिला वाटले. भिंत चाचपत मालनबाई खाली बसल्या, पाठ भिंतीला टेकवली, मांडी घातली, मांडीवर लुगड्याचा पदर पसरला आणि मग दोन्ही हात पुढे केले. “द्या.”

खारीक हातात आल्या आल्या त्यांनी तिला नाकाशी नेले. “अगं बाई! न्हाऊ घातलंय हिला?”

“हो,” शिष्या पुटपुटली. “स्वच्छ असावी म्हणून.”

“असू दे. सुकली म्हणजे झालं.” त्यांनी पदरात खारकेला बसवले, शेजारच्या टोपल्यातून हाताने चाचपून कोथिंबिरीची एक काडी घेतली आणि काडीचे टोक चिमटीत धरून दुसरे टोक तिच्यापुढे केले. “खारके,” त्या म्हणाल्या, “ए खारके. रुसलीस व्हय माझ्यावर?”

खारकेचे नाक थरथरले. तिने मान लांब केली, काडी दातात धरली आणि ओढली. मालनबाईंनी काडी सोडली नाही. तिने आणखी जोर लावला. मालनबाईंच्या तोंडावर हसू पसरले. “हां, ओढ, ओढ,” असे म्हणत त्यांनी हळूहळू सैल सोडले आणि काडी करकर आत गेली. मग दुसरी. मग तिसरी.

शिष्येच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “मी वाटी भरून ठेवली होती,” ती म्हणाली. “दोन दिवस. तिच्या नाकासमोर.”

“वाटीतनं ती खात न्हाई ग. कधी खाल्लंच न्हाई. मला दिसत नाही ना नीट. वाटीत ठेवलं तर हिनं खाल्लं का नाही, मला कसं कळावं? म्हणून मी हातात धरायची. ओढ लागली की कळायचं, जेवतीय. आता तिलाबी तसंच झालंय. पलीकडनं कुणी धरलं नसलं, तर तिला ते खाणंच वाटत न्हाई.”

शिष्येने डोळे पुसले. “मग ही तुमच्यापाशीच बरी आहे, मालनबाई. इथंच राहू दे. माझं चुकलं.”

मालनबाईंचा हात खारकेच्या पाठीवर थांबला. “आणि पायाखाली आली तर?” त्या म्हणाल्या. “मागं आली होती. मला आता सावलीबी दिसंना झालीय, बाळ. माझ्याकडं राहिली तर माझ्याच पायानं जाईल. ते दुःख मला देऊ नको.”

तिथे ठेवावी तर पायाखाली जाण्याची भीती, नेली तर उपाशी मरण्याची. शिष्येने तात्यांकडे पाहिले. तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, “आता ती त्यांच्याकडे माग. नीट माग.”

“मागू? तात्या, आपण तर परत करायला आलो ना?”

“परत केल्याशिवाय मागता कशी येईल?” तात्या म्हणाले आणि तेही तिथेच जमिनीवर टेकले. एरवी चार शब्दांत आटोपणारा हा माणूस त्या दिवशी जरा सविस्तर बोलला.

“मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की आपण काय करतो, सांग.”

“हातभर शिल्लक ठेवतो.”

“कापून का टाकत नाही? माग कसा स्वच्छ होईल.”

“नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पिळून सांधायचा असतो. मग जुना पुढे ओढला की नवा त्याच्यामागून फणीच्या दातांतून आपसूक येतो.” हे ती पाठ म्हटल्यासारखे बोलत होती, पण बोलता बोलता तिचा आवाज संथ झाला.

“हे तू महिन्यातून एकदा तरी करतेस,” तात्या म्हणाले. “जनावर आणलंस आणि विसरलीस. ह्या जिवाचा तीन वर्षांचा ताणा या खोलीत लागलेला होता. ह्यांचा आवाज, हा पदर, ही काडी. तू रिक्षा थांबवून आलीस, टोक कापलंस आणि मोकळा जीव घरी नेलास. वर धुऊन काढलास. पण दोष तुझ्या एकटीचा नाही. ‘घर दे’ म्हणून मी सांगितलं आणि कसं द्यायचं ते सांगितलं नाही. शिकवणाऱ्याची चूक आधी मोजावी. म्हणून आज मी सोबत आलो.”

ते पुढे म्हणाले, “आणि तू कोरं पिल्लू म्हणत होतीस. पोरी, कोरा जीव कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते पांढरं पिल्लूही कुठंतरी आईच्या पोटाशी झोपत होतं. त्याचं टोक आधीच कुणीतरी कापलंय, म्हणून तुला दिसत नाही आणि तू त्याला कोरं म्हणतेस. त्याला नेलंस तरी प्रेमच कर. पण सांधायला तुझ्या हाती काही नसेल, सगळं अंदाजानं करावं लागेल. इथं तसं नाही. इथं टोक धरून बसलेलं माणूस अजून तुझ्यासमोर आहे. त्याच्याकडून ते टोक हातात घे.”

शिष्या पुढे झाली. ती वाकून हात पसरणार एवढ्यात मालनबाई म्हणाल्या, “बस आधी. खाली बस.”

ती बसली.

“तीस वर्षं वॉर्डात होते,” मालनबाई म्हणाल्या. “केवढीतरी बाळं दिली मी आयांच्या हातात, बापांच्या, आज्यांच्या. डॉक्टरीणबाईंनी घाई केली तरी मी ऐकायची न्हाई. आधी बसा म्हणायची. उभ्या माणसाचा जीव निघण्याकडं असतो. बसलेला माणूस घेतो. परवा तू उभ्यानं नेलीस हिला. मी दिलीच नव्हती ग. तू नेलीस नुसती. रातभर मी दाराकडं तोंड करून पडले होते.”

हे ऐकून शिष्येला अपराधी वाटले, आणि त्याहूनही जास्त त्या बाईची माया वाटली. तिने पाठ भिंतीला टेकवली, मांडी घातली आणि विचारले, “मालनबाई, खारीक मला द्याल का?”

“थांब. घाई न्हाई. आधी ऐक.”

मग ती सगळी दुपार मालनबाई बोलत राहिल्या. खारीक कोथिंबीर खाते पण पाने आधी नाही, देठ आधी. दूर्वा दिल्या तर ओल्या द्यायच्या नाहीत. ढोबळी मिरची बिया काढून. पावसाळी ढग गडगडले की तिच्यावर नुसता हात ठेवायचा, थोपटायचे नाही, थोपटले की आणखी घाबरते. उजव्या कानामागे खाजवलेले आवडते, डाव्या कानामागे मुळीच नाही, का ते देवाला माहीत. कागदी पिशवी वाजली की शीळ घालते, अगदी पोरांच्या शिट्टीसारखी, तेव्हा पिशवीत तिच्यासाठी काहीच नसले तर निदान सांगायचे तरी, की खारके, तुझं नाही. शिष्येने हे सगळे मान हलवत ऐकले. मधूनमधून ती विचारत होती. एकदा तर दोघी कशावरून तरी खळखळून हसल्या. तात्या भिंतीला टेकून डुलक्या घेत होते, किंवा तसे दाखवत होते.

शेवटी मालनबाईंनी पेटीतून आपले जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे काढले, त्याचा अर्धा भाग फाडला आणि शिष्येच्या मांडीवर पसरला. त्यावर खारकेला ठेवले. त्यांचे दोन्ही तळवे तिच्या पाठीवर राहिले. थोडा वेळ राहिले. मग त्या म्हणाल्या, “दिली.” त्यांना रडू आले आणि त्यांनी ते लपवले नाही.

घरी परतताना शिष्या दुकानाच्या रस्त्याने आली, पण पांढऱ्या पिल्लाची आठवण तिला राहिली नाही.

त्या संध्याकाळी जुई भिंतीला पाठ लावून बसली. मांडीवर लुगड्याचा तुकडा, तुकड्यावर खारीक, आणि जुईच्या चिमटीत कोथिंबिरीची काडी. पहिली काडी खारकेने नुसती हुंगली. दुसरीकडे पाहिलेही नाही. जुईचा हात दुखू लागला. आई म्हणाली, “सोडू नकोस. नाव घे तिचं.” जुईने डेझी म्हणायला तोंड उघडले, मग स्वतःच थांबली आणि हळूच म्हणाली, “खारके.” आणखी एक मिनिट गेले असेल.

“आई!” जुई कुजबुजली. “आई, ओढतेय!”

ज्यांच्या घरी कधी आजारी मूल पहिल्यांदा चमचाभर पेज प्यायले असेल, त्यांना त्या खोलीतला आनंद मी वेगळा सांगायला नको.

गोष्ट इथे संपवली असती तर कुणी मला दोष दिला नसता. परंतु सोमवारी सकाळी तात्यांच्या मागापाशी तो दुकानदार आला. चपला बाहेर काढून दारातच घुटमळत राहिला. शिष्या मागावर बसली होती.

“ताई, ते पांढरं पिल्लू न्यायला तुम्ही आला नाहीत,” तो म्हणाला. “म्हणून विचारायला आलो. ती तुमची... ती जगली का?”

“जगली. आज सकाळी तर पिशवी वाजल्यावर ओरडली.”

“बरं झालं.” त्याने मोकळा श्वास सोडला, तरी तो गेला नाही. “आजोबांनी त्या दिवशी काय काय विचारलं, ते डोक्यातनं जाईना. माझ्याकडे मागच्या खोलीत एक आहे. मादीच आहे. आठ महिने झाले. एक कान फाटका, म्हणून गिऱ्हाईक बघतं आणि पुढं जातं. पैसे नकोत मला. तुमच्या खारकेला सोबत होईल, घेऊन जा.”

तात्यांनी शिष्येकडे पाहिले. शिष्या मागावरून उठली. कोपऱ्यातली चटई तिने अंथरली. “आधी बसा,” ती म्हणाली. तो बसला. तीही समोर बसली. “आता सांगा. काय आवडतं तिला?”

“सगळी तेच...” असे म्हणून दुकानदार मध्येच थांबला. मग म्हणाला, “काकडी. माझ्या डब्यातली. सालासकट लागते, सोललेली दिली की तोंड फिरवते.” पुढे त्याला थांबवणे कठीण झाले. शटर वर गेले की ती आवाज देते, पण शटर दुसऱ्या कुणी उघडले तर गप्प बसते. पेटीतली नवी पिल्ले घाबरली की तो त्यांना तिच्यापाशी नेऊन ठेवतो, ती त्यांना अंगाखाली घेते. दुपारी गिऱ्हाईक नसले की ती त्याच्या पायाच्या अंगठ्याला टेकून झोपते आणि मग त्याला तासभर पाय हलवता येत नाही. ज्या माणसाला परवापर्यंत मालाविषयी काहीच ठाऊक नव्हते, तो अर्धा तास बोलत होता. शिष्या मन लावून ऐकत होती.

त्याचे बोलणे संपल्यावर तिने विचारले, “मला द्याल का तिला?”

दुकानदाराने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. आयुष्यभर विकत आलेल्या त्या माणसाला हा प्रश्न नवीन होता. “देतो,” तो म्हणाला. मग तो संकोचाने पुढे म्हणाला, “रविवारी दुकान बंद असतं माझं. येऊन नुसतं बघून गेलो तर चालेल ना?”

“बघून कसले जाता?” शिष्या म्हणाली. “जेवायलाच या. मालनबाईंनाही बोलावलंय.”